यंत्राचें उत्तर आणि मनुष्याचा अदमास

हल्लीं आमच्या शहरांतील कोणत्याहि पेठेंत जावें, तों हिशेब करण्याचें काम मनुष्यानें जवळजवळ सोडून दिल्याचें दिसतें. दुकानदार यंत्राकडे पाहतो, गिऱ्हाईक दुकानदाराच्या तोंडाकडे पाहतें, आणि यंत्रावर जो आंकडा उमटेल तो दोघेहि मुकाट्यानें मान्य करितात. यंत्राविषयीं आमची तक्रार नाहीं. तें सांगितलेला गुणाकार बिनचूक करितें. परंतु सांगणाराचें बोट चुकलें तर तसें बजावण्याची बुद्धि त्यास नाहीं. ती बुद्धि मनुष्यानेंच बाळगावयाची आहे, आणि नेमकी तीच आम्ही गहाण टाकीत आहों.

एक उदाहरण घेऊं. एका व्यापाऱ्यानें दर पोत्यास २,३६५ रुपये या भावानें ४९ पोतीं माल घेतला. रक्कम १,१५,८८५ रुपये झाली पाहिजे. बटणें दाबतांना २,३६५ च्या जागीं २,६३५ पडले, तर यंत्र १,२९,११५ हें उत्तर तितक्याच शांतपणें देईल, आणि १३,२३० रुपये विनाकारण जातील. ही चूक धरण्यास पाटी नको कीं पेन्सिल नको. पोतीं पन्नासांहून कमी, भाव चोवीसशांहून कमी. पन्नास वेळां चोवीसशें म्हणजे एक लक्ष वीस हजार. उत्तर त्याच्या आंतच असलें पाहिजे. एवढा विचार ज्याच्या मनांत आपोआप उभा राहतो, तो मनुष्य यंत्राचा धनी. इतरांस आम्ही त्याचे चाकर म्हणतों.

हें ऐकून जुन्याचे अभिमानी लगेच पंतोजीच्या शाळेचे गोडवे गाऊं लागतील. त्या शाळेंत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हीं सर्व तोंडपाठ होत, हें खरें. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पया होत्या तोंवर त्यांचा उपयोगहि मोठा होता. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणीं सुरू झालीं आणि तो पुष्कळसा सरला. परंतु छडीच्या धाकानें घोकलेल्या पाढ्यांत 'कां' या प्रश्नास जागा नव्हती, आणि मुलींस तर त्या शाळेचा उंबरठाच बंद होता. ती व्यवस्था परत आणावी असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. दहापर्यंतचे पाढे पक्के असले व स्थानाची किंमत समजली, म्हणजे कितीहि मोठा गुणाकार कागदावर करितां येतो.

वरचेंच उदाहरण पाहा. २,३६५ ला प्रथम नवांनीं गुणिलें, २१,२८५ आले. पुढें चारांनीं गुणावयाचें. पण हे चार चार नव्हेत, चाळीस आहेत. म्हणून दुसरी ओळ ९,४६० नसून ९४,६०० आहे. दोहोंची बेरीज १,१५,८८५. शाळेंत मुलांस 'दुसऱ्या ओळींत एककाखालीं फुली मार' असें सांगतात. ती कां मारावयाची हें पुष्कळ ठिकाणीं कोणी सांगत नाहीं. मग फुली विसरली कीं उत्तर ३०,७४५ येतें, आणि मूल तें निःशंकपणें वहींत उतरवितें.

याहून सोपी वाट तर आमच्या भाषेनेंच दाखवून ठेविली आहे. एकोणपन्नास म्हणजे एक उणा पन्नास. २,३६५ पन्नास वेळां म्हणजे १,१८,२५०; त्यांतून एकदां २,३६५ वजा केले, काम झालें. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें रचलेल्या 'लीलावती'ंत गुणाकाराच्या अनेक रीति दिल्या आहेत, त्यांत ही इष्ट संख्या मिळवून वा वजा करून गुणण्याची रीत आहेच. त्यांच्या १३५ गुणिले १२ या उदाहरणांत बारांत आठ मिळवून वीस करावे, २,७०० येतात; त्यांतून १३५ ची आठपट, म्हणजे १,०८०, काढावी; १,६२० उरतात. कोंकणांतील नांदगांवचे गणेश दैवज्ञ यांनीं त्या ग्रंथावरील टीकेंत चौकटी आंखून, त्यांत तिरप्या रेघा ओढून गुणण्याची कपाटसंधि नांवाची रीत समजाविली आहे. तींत हातचे शेवटच्या बेरजेपर्यंत लक्षांत ठेवावे लागत नाहींत. लहान मुलांस ती खेळासारखी वाटते.

उत्तर ताडून पाहण्याची नवांची रीतहि व्यापाऱ्यांस ठाऊक असावी. २,३६५ च्या अंकांची बेरीज सोळा, म्हणजे सात. ४९ ची तेरा, म्हणजे चार. सात चोक अठ्ठावीस, म्हणजे शेवटीं एक. १,१५,८८५ ची बेरीजहि अठ्ठावीस, म्हणजे एक. हातचा चुकला असतां ही रीत बहुधा तें उघड करिते. मात्र अंकांची अदलाबदल किंवा विसरलेलें शून्य तिला दिसत नाहीं: १,२९,११५ आणि ३०,७४५ या दोन्ही चुकीच्या उत्तरांचीहि बाकी एकच येते! तेथें अदमासच उपयोगी पडतो.

यांत एवढें महत्त्वाचें काय, असें कोणी विचारील. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें हिसकावून जाळलीं. ज्या कागदांनीं त्यांस बांधिलें होतें, त्यांतील आंकडा पडताळण्याची विद्या बहुतेकांस मिळालीच नव्हती. आज खतांच्या जागीं हप्ते आले आहेत. दोन लाखांचें कर्ज, हप्ता अवघा ४,८७५ रुपये, मुदत साठ महिने, असें कोणी गोड बोलून सांगितलें तर घरांतील किती माणसें सही करण्यापूर्वीं साठांनीं गुणून पाहतात? २,९२,५०० हा आंकडा ज्या गृहिणीच्या मनांत उभा राहील, ती निदान चार प्रश्न तरी विचारील.

म्हणून शिक्षकांस आमची विनंति आहे कीं, प्रत्येक गुणाकारापूर्वीं उत्तर सुमारें किती येईल हें मुलामुलींकडून आधीं वदवून घ्यावें, आणि मगच पाटीस हात लावूं द्यावा. आणि पेढीवरील शेटजींनीं नव्या गुमास्त्याच्या हातीं यंत्र देण्यापूर्वीं महिनाभर रोजची दहा बिलें त्याजकडून कागदावर करवून घ्यावीं. कागद व शाई यांस फारसा खर्च येत नाहीं.