पहिलीतल्या वर्तनाची मुळे अंगणवाडीत

अमरावती/अकोला : जूनअखेर विदर्भातील शाळा उघडतात आणि पहिलीच्या वर्गातून तक्रारी सुरू होतात. मूल जागेवर बसत नाही, शेजाऱ्याची पेन्सिल हिसकावते किंवा तोंडच उघडत नाही. अशा मुलावर ‘व्रात्य’ वा ‘मठ्ठ’ असा शिक्का चटकन बसतो. वास्तविक या वर्तनाचा पाया तीन ते सहा या वयातच घातला गेलेला असतो.

आपली पाळी येईपर्यंत थांबणे, राग आल्यास हात न उगारता शब्दांत सांगणे, ऐकलेली सूचना लक्षात ठेवणे ही कौशल्ये आहेत. काही मुलांना ती लवकर साधतात, काहींना उशिरा. पण सरावाने ती वाढतात. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा करण्यात आला. बालपणी आत्मसंयम कमी असलेल्यांमध्ये शाळा अर्धवट सोडण्याचे आणि पुढे आरोग्य व पैशाच्या अडचणींचे प्रमाण अधिक आढळले, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात. मात्र ज्यांचा संयम वाढत्या वयात सुधारला, त्यांची स्थितीही अपेक्षेपेक्षा चांगली राहिली.

वऱ्हाडात या प्रश्नाला भाषेचीही बाजू आहे. मेळघाटातील आणि अकोल्याच्या सातपुड्यालगतच्या गावांतील अनेक मुलांची घरची भाषा कोरकू. ती मुंडा कुळातली. मराठीशी तिचे नाते नाही. शिक्षकाची सूचनाच न कळल्याने गप्प राहिलेले मूल हट्टी ठरते. अंगणवाडीत दोन्ही भाषा कानावर पडल्या, तर हा गैरसमज टळू शकतो.

१९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा देशातील पहिल्या ३३ प्रकल्पांत अमरावती जिल्ह्यातील धारणीचा समावेश होता. त्याआधी १९४५ पासून ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाडी आदिवासी मुलांच्या अंगणापर्यंत नेली होती. आज मात्र अंगणवाडी म्हणजे खिचडी आणि वजनकाटा, एवढीच अनेक पालकांची समजूत असते.

त्यासाठी महागडी शिकवणी नको. ‘शिवाजी म्हणतो’ या खेळात ‘शिवाजी म्हणतो’ हे शब्द नसलेली आज्ञा पाळायची नसते. त्यातून स्वतःला आवरण्याचा सराव होतो. सागरगोट्यांत पाळीची वाट पाहावी लागते. रोजची गोष्ट सांगताना मुलालाही बोलू द्यावे. बाराखडीची घाई करण्याआधी हे साधले, तर पहिलीचा वर्ग मुलाला परका वाटणार नाही.