संगणकाचा पंखा: वारा हवा, घरघर नको

आमगावकडचा वैशाख कसा असतो हे आपणांस सांगायला नको. दुपारी पारा ४५ अंशांकडे सरकतो, भिंतीसुद्धा तापतात. अशाच एका दुपारी माझे एक शिक्षकमित्र घरच्या संगणकापुढे बसून मुलांसाठी धडा ध्वनिमुद्रित करीत होते. ऐकून पाहतात तो धड्याहून पंख्याची घरघर मोठी! गुरुजी वैतागले. त्यांनी पेटी उघडून मागल्या पंख्याची तारच काढून टाकली. शांतता झाली खरी. पण तासाभरात संगणक आपोआप बंद पडला आणि न साठवलेली निकालाची यादीही गेली.

गुरुजींचं दुखणं खरं होतं, औषध मात्र चुकलं. ते कसं, हे पाहू या.

संगणक जी वीज घेतो तिची अखेर उष्णताच होते. पंखा थंडी निर्माण करीत नाही; तो खोलीतली हवा आत घेतो आणि तापलेली बाहेर टाकतो. खोलीच ४० अंशांवर असेल तर पेटीतले भाग त्याहून थंड होणार नाहीत. म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात पंख्याला सुटी देता येत नाही. प्रोसेसर फार तापला की तो आधी काम मंद करतो आणि तरीही भागलं नाही तर जीव वाचवण्यासाठी संगणक बंद होतो.

मग घरघर कमी कशी करायची? ती येते मुख्यतः वेगातून. खळ्यावर धान उपणताना वारा पडला तर आपण सुपानं वारा घालतो. लहानसा विंझणा घेऊन कोणी बसत नाही. इथेही तेच. ८० मिलीमीटरच्या पंख्यापेक्षा १२० मिलीमीटरच्या पंख्याचं तोंड क्षेत्रफळानं सव्वादोनपट असतं, म्हणून तेवढाच वारा तो संथ फिरून देतो. वेग निम्मा केला की वारा निम्मा होतो, पण आवाज सुमारे १५ डेसिबलनी उतरतो. १० डेसिबल उतरले तरी कानाला तो निम्मा वाटतो. तेव्हा एक पंखा जोरात पळवण्यापेक्षा दोन पंखे हळू फिरवावेत. एक पुढून हवा आत घेणारा, दुसरा मागून बाहेर टाकणारा. घेण्यापूर्वी पेटीतल्या भोकांचं माप मात्र पाहावं.

आता लगाम. पंख्याच्या तारा मोजा. तीन असतील तर त्याचा वेग विजेचा दाब १२ व्होल्टांहून कमी करून उतरवतात. दाब फार उतरवला तर पंखा सुरूच होत नाही. चार तारांचा पंखा अधिक आज्ञाधारक. त्याला चौथ्या तारेतून सेकंदाला सुमारे २५,००० ठोके मिळतात आणि ठोक्यांच्या लांबीवर वेग ठरतो. माणसाचा कान २०,००० पर्यंतच ऐकतो, म्हणून हे ठोके आपल्याला ऐकू येत नाहीत.

संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबली की बहुतेक यंत्रांत पंख्याची मांडणी दिसते. प्रोसेसर ५० अंशांपर्यंत असताना पंखा ४० टक्के वेगाने, ७० ला ७० टक्के आणि ८० च्या पुढे पूर्ण वेगाने, अशी चढती रेषा आखावी. वेग बदलायला काही सेकंदांची सवड द्यावी. नाहीतर पंखा क्षणाक्षणाला सूर बदलतो आणि ते सततच्या आवाजाहून जास्त खटकतं.

एक गोष्ट मात्र फुकटची आहे, ती म्हणजे सफाई. आपल्याकडे रस्त्याची धूळ आणि राईस मिलचा कोंडा, दोन्ही घरात येतात. जाळी बुजली की वारा अडतो, आतली उष्णता वाढते आणि पंखा जास्त जोरानं पळू लागतो. महिन्यातून एकदा वीज बंद करून, पातं बोटानं धरून, मऊ ब्रशानं धूळ काढावी. पेटी भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी. कूलरच्या ओल्या झोतासमोर तर ती मुळीच ठेवू नये.

गुरुजींनी तार पुन्हा जोडली, जाळी पुसली आणि पुढे १२० मिलीमीटरचा चार तारांचा पंखा बसवला. परवा त्यांचा नवा धडा ऐकला. पंखा चालूच होता, पण ऐकू आला तो गुरुजींचा आवाज.