पश्चिमेची भिंत आधी झाका

जांब समर्थ, समर्थ रामदासांचं जन्मगाव. इथे उन्हाळ्यात पारा सहज चाळिशी ओलांडतो. जुन्या माळवदांच्या जाड मातीच्या भिंती ऊन अडवून धरायच्या. आताची सहा इंची सिमेंट ब्लॉकची भिंत, त्यातही पश्चिमेची, दुपारभर तापते आणि रात्री तीच धग खोलीत सोडते.

घर दुरुस्तीला काढलंच असेल, तर बाहेरून ५० मिमीचं घट्ट थर्माकोल चिकटवा, फास्टनर मारा, वर फायबर जाळी आणि पॉलिमर प्लास्टर. एवढा पातळ थर मीटरभर काँक्रीटपेक्षा जास्त उष्णता अडवतो! मात्र थर्माकोल कुठेही उघडं ठेवू नका, ते पेट घेतं. आतून जिप्समचं अस्तर करायचं तर आधी भिंतीची ओल थांबवा, नाहीतर मागे बुरशी धरते. खर्च झेपत नसेल, तर बाहेरून पांढरा चुना तरी माराच.