डाएट हाय न्हवं? मग चालतंय की!

कोल्हापुरात शनिवारी रात्री जेवायला बसलेल्या कुठल्याही ग्रुपची ऑर्डर कान देऊन ऐका. चार मटण थाळ्या, तांबडा-पांढरा फुल्ल ऑन, एक सुकं एक्स्ट्रा, आणि शेवटी हळूच, ‘भावा, कोल्ड्रिंक डाएटवालं आण.’ पूर्वी वेटर हसायचा. आता तोही सिरियसली विचारतो, डाएट का झिरो? (दोन्हींत साखर नाही. फरक फक्त चवीचा आणि डब्याच्या रंगाचा, पण टेबलवर त्यावरही वाद होतात.)

वजन कमी करायला निघालेल्या माणसाने डाएट कोल्ड्रिंक प्यावं की नाही, हा प्रश्न आमच्या राजारामपुरीतल्या ऑफिसात गेले दोन महिने गाजतोय. कॅन्टीनच्या फ्रिजमध्ये खालचा सगळा कप्पा त्याच डब्यांचा आहे. एक पार्टी म्हणते, झिरो कॅलरी, विषय संपला. दुसरी पार्टी व्हॉट्सअॅपवर रोज कॅन्सरचे फॉरवर्ड टाकते. मला यात रस असण्याचं कारण साधं आहे. माझ्या बाबांना ४४व्या वर्षी डायबेटिस निघाला आणि यंदा माझ्या रिपोर्टमध्ये एचबीए१सी ५.९ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर. वय वर्षं २९. मुलगी बघायचा कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी शुगर बघायचा कार्यक्रम सुरू झाला! त्यामुळे मी फॉरवर्ड सोडून जरा खरा अभ्यास केला.

आधी हिशेब. साध्या कोल्यात १०० मिलीला सुमारे साडेदहा ग्रॅम साखर असते. ३०० मिलीचा कॅन म्हणजे ३२ ग्रॅमच्या आसपास. आठ चमचे साखर, साधारण १३० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घेतलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवा, २५च्या आत ठेवलीत तर उत्तमच. म्हणजे एका कॅनमध्ये निम्म्याहून जास्त कोटा खल्लास. डाएट कॅनमध्ये तीच गोडी अॅस्पार्टेम, एसिसल्फेम-के अशा स्वीटनर्समधून येते आणि कॅलरी जवळजवळ शून्य. अॅस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड, म्हणून चिमूटभर पुरतं. १९६५ साली अमेरिकेत जेम्स श्लॅटर नावाचा केमिस्ट अल्सरच्या औषधावर काम करत होता, त्याने बोट चाटलं आणि हे सापडलं. लॅबमध्ये बोट चाटू नये हा नियम त्याने पाळला असता तर आपला फ्रिज आज रिकामा असता.

तर, रोज एक साधा कोला पिणाऱ्याने डाएट घेतला तर रोजचे १३० वाचतात. कागदावर एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, तेव्हा दोन महिन्यांत किलोभर वजन जायला हवं. प्रत्यक्षात त्याहून कमी जातं, कारण शरीर काही बँकेच्या पासबुकासारखं चालत नाही. पण दिशा बरोबर आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्यातले किती जण रोज साधा कोला पीत होते? मी आमच्या मजल्यावर विचारत फिरलो. रोज पिणारे दोघं. बाकीचे महिन्यातून दोन-तीनदा, तेही जेवणावळीत. म्हणजे उरलेल्यांनी डाएट सुरू करून वाचवलं काय? काहीच नाही. उलट जिथे पाणी प्यायलं असतं तिथे एक नवीन सवय आणली.

आपला खरा कोला वेगळाच आहे, तो पितळी भांड्यात उकळतो. कोल्हापुरी माणसाचे दिवसाला पाच चहा सहज होतात. कपाला दोन चमचे धरले तर ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी. एका कॅनपेक्षा जास्त! आणि चार वाजता टपरीवर असा गोड चहा घेऊन वर येऊन ‘मी डाएटवर आहे’ म्हणत डबा फोडणारे महाभाग मी डोळ्यांनी पाहतो.

यावर इथलं हमखास उत्तर, ‘आमी गुळाचा चहा घेतो.’ अहो, गूळ हा आपला जीव की प्राण. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची बाजारपेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. कोल्हापुरी गुळाला २०१४मध्ये जीआय मानांकन मिळालं. अभिमान आहेच. पण १०० ग्रॅम गुळात ३८० कॅलरी आणि साखरेत ४००. लोह वगैरे थोडं असतं, पण चहातल्या चमचाभर गुळातून ते किती मिळणार? तीच गोष्ट उसाच्या रसाची. मोठ्या ग्लासात ३० ग्रॅमच्या वर साखर सहज असते, म्हणजे कोल्याच्या कॅनइतकी. आणि गंगावेसच्या कट्ट्यावरचं म्हशीचं ताजं दूध? पावशेराच्या ग्लासाला अडीचशेच्या वर कॅलरी. तालमीत हजार जोर मारणाऱ्याला ते शोभतं. आपण दिवसभर एक्सेल शीटला जोर मारतो.

ज्या जिल्ह्यात उसाच्या दरावरून दरवर्षी रस्ते अडतात, तिथे साखरेविरुद्ध बोलणं म्हणजे घरातच भांडण काढणं. माझे मामा ऊस लावतात. त्यांना डाएट कोल्याचा डबा दाखवला तर म्हणाले, ‘ह्यात साखर न्हाई, फळ न्हाई, मग पैसे कशाचे घेत्यात?’ मामांना कुणी सांगावं, सरकारनेही यात भेद केलेला नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून गोड सोडावॉटरवर ४० टक्के जीएसटी आहे. साखर घाला नाहीतर स्वीटनर, कर तेवढाच.

अभ्यास काय सांगतात?

इथे थोडी गंमत आहे, कारण अभ्यास दोन्ही बाजूंना बोलतात. मे २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी स्वीटनर वापरू नका. आमच्या दुसऱ्या पार्टीने तो स्क्रीनशॉट फ्रिजवर चिकटवला. पण त्याच संघटनेने त्यासाठी जमवलेले आकडे पाहा. लोकांना गट पाडून, स्वीटनर देऊन न देऊन केलेल्या चाचण्यांत स्वीटनरवाल्यांचं वजन सरासरी सातशे ग्रॅमने कमी निघालं. थोडंसं, पण कमी. उलट वर्षानुवर्षं लोकांवर नुसतं लक्ष ठेवलेल्या अभ्यासांत स्वीटनर घेणाऱ्यांत लठ्ठपणा आणि डायबेटिस जास्त दिसला. संघटनेने या दुसऱ्या प्रकाराला आणि लांब पल्ल्याला महत्त्व दिलं, आणि ही शिफारस ‘सशर्त’ आहे असंही लिहिलं.

त्या दुसऱ्या प्रकारात एक घोळ असतो. पंचगंगेला पूर आला की शिरोलीच्या हायवेवर एनडीआरएफच्या बोटी दिसतात. २०१९ला दिसल्या, २०२१ला दिसल्या. म्हणून बोटींमुळे पूर येतो असं म्हणायचं का? ज्यांचं वजन वाढायला लागलंय तेच डाएट डब्याकडे वळतात. त्यामुळे डबा आणि वजन एकत्र दिसतात. पूर्ण खुलासा एवढ्याने होत नाही, पण बराचसा होतो.

पाणी की डाएट, या थेट सामन्याचे निकाल तर क्रिकेटसारखे. अमेरिकेत ३०३ जणांवर वर्षभर चाललेल्या चाचणीत डाएटवाल्यांचं सव्वासहा किलो घटलं, पाणीवाल्यांचं अडीच. लिव्हरपूलला ४९३ जणांत साडेसात विरुद्ध सहा, पुन्हा डाएट पुढे. पण दोन्हींना पैसा अमेरिकेतल्या कोल्ड्रिंक कंपन्यांच्या संघटनेचा! तिकडे तेहरानमध्ये, जेवणानंतर डाएट प्यायची सवय असलेल्या बायकांपैकी निम्म्यांना त्याऐवजी पाणी दिलं, तर २४ आठवड्यांत पाणीवाल्या ८.८ किलोने आणि डाएटवाल्या ७.६ किलोने उतरल्या. माझं मत विचाराल तर या सगळ्यांत एक गोष्ट कॉमन आहे आणि तीच महत्त्वाची आहे. सगळे जण वजन कमी करायच्या शिस्तशीर प्रोग्रॅममध्ये होते. जेवण मोजलेलं होतं. मग हातात पाणी होतं की डबा, याने एक ते पावणेचार किलोंचा फरक पडला, तोही कधी इकडे कधी तिकडे.

आपल्याकडे मोजलेलं काही नसतं, फक्त डबा असतो. ‘डाएट घेतलंय न्हवं, मग अजून एक वाटी रस्सा चालतंय की!’ डबा १३० वाचवतो आणि तरंगणारा कट ५०० परत आणतो. आमच्या ऑफिसात डाएटबरोबर भडंगाचं पाकीट फुटतं. गोड, थंड, फसफसणाऱ्या पेयाबरोबर तिखट-खारट लागतंच, सवयच तशी आहे.

कॅन्सरचं काय?

जुलै २०२३मध्ये कॅन्सर संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अॅस्पार्टेमला ‘२बी’ गटात टाकलं. याचा अर्थ कॅन्सर ‘कदाचित होऊ शकतो’ इतपत, तोही मर्यादित पुराव्यावर. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कसुद्धा आहे. त्याच दिवशी अन्नातल्या मिश्रणांवर देखरेख करणाऱ्या तज्ज्ञ समितीने जुनी मर्यादा कायम ठेवली, दर किलो वजनाला दिवसाला ४० मिलिग्रॅम. ७० किलोच्या माणसाने ती ओलांडायला दिवसाला नऊ ते चौदा डबे प्यावे लागतील. तेवढे पिणाऱ्याने आधी दुसऱ्याच डॉक्टरला भेटावं. फिनाइलकेटोन्यूरिया हा दुर्मीळ जन्मजात आजार असणाऱ्यांना मात्र अॅस्पार्टेम अजिबात चालत नाही.

कोल्ड्रिंकवरचा आपला संशय तसा जुना. १९७७मध्ये कोका-कोला देश सोडून गेली, १९९३मध्ये परत आली. २००३मध्ये सीएसईने बारा ब्रँड्समध्ये कीटकनाशकं सापडल्याचं जाहीर केलं आणि शरद पवारांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने २००४मध्ये ते खरं असल्याचं सांगितलं. त्यामुळे लोक पटकन घाबरतात हे समजू शकतं. पण मला दातांची भीती जास्त वाटते. साखर नसली तरी आम्ल असतंच, आणि दिवसभर घोट घोट पिणाऱ्याच्या दातांचं एनॅमल झिजतं. शिवाय कॅफिन. संध्याकाळी सहाचा डबा रात्री बारापर्यंत जागवतो, आणि झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक डबल.

बारीक दिसणारे जाडे

माझी उंची पाच फूट आठ इंच, वजन ७१. जिमवाला म्हणतो, नॉर्मल. पण आशियाई माणसांसाठी बीएमआयची रेघ २३ला आहे, माझा २३.८. कंबर ९२ सेंटिमीटर, पुरुषांची मर्यादा ९०. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय अगदी सेम, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! आपण वजनकाट्याला फसवतो, पोटाला नाही. म्हणून माझ्यासारख्याने दोन किलोंच्या मागे लागण्यापेक्षा कंबर आणि शुगर बघायची. त्यात डाएट कोला काहीच करत नाही. तो फक्त साखर आणत नाही.

बाबांची गोष्ट मात्र वेगळी निघाली. जागतिक आरोग्य संघटनेची ती शिफारस ज्यांना डायबेटिस आहे त्यांच्यासाठी नाहीच. आणि चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या टीमने २०२४मध्ये १७९ डायबेटिक भारतीयांच्या चहा-कॉफीतली साखर काढून १२ आठवडे सुक्रालोज दिलं. वजन आणि कंबर थोडी उतरली. अगदी थोडी, आणि एचबीए१सीत ठळक फरक नाही, पण बिघडलंही काही नाही. उलट इस्रायलमध्ये २०२२साली १२० निरोगी लोकांत सॅकरिन आणि सुक्रालोजने रक्तातल्या साखरेचा प्रतिसाद बिघडलेला दिसला. त्यामुळे बाबांच्या डॉक्टरांनी मधला रस्ता काढला. आधी चहा पाचावरून दोनवर, मग त्या दोनांत गोळी, आणि सणाला श्रीखंड एक चमचा, तेही पोळीशिवाय. बाबा गोळीच्या चहाला ‘औषधी काढा’ म्हणतात, पण पितात.

ऑफिसात शेवटी तह झाला. रोज साधा कोला पिणाऱ्या त्या दोघांसाठी डाएट डबे राहिले. त्यांना त्याचा खरंच फायदा आहे, एकाची पँट दोन महिन्यांत सैल झालीय. बाकी कप्प्यात पातळ ताक आणि साधा सोडा. लिंबू पिळा, मीठ चिमटीनेच. चहावाल्या मावशींना साखर वेगळी ठेवायला सांगितली. पहिल्या आठवड्यात मजल्यावर जवळपास दंगल झाली. तिसऱ्या आठवड्यात त्यांनीच विचारलं, ‘दादा, साखरेचं पोतं अजून हाय तसंच हाय, नवं मागवू का नको?’