औषधाच्या चिठ्ठीवर दूध!

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दूध, भाजी, मांस लिहिलेले तुम्ही कधी पाहिले आहे काय? अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात, माउंड बायू येथे १९६७ साली सुरू झालेल्या आरोग्य केंद्रात तसे घडले. तेथील कापसाच्या मळ्यांत यंत्रे आली होती. कृष्णवर्णीय मजुरांची कामे गेली. बायका-मुले उपाशी राहू लागली. डॉ. जॅक गायगर यांनी किराण्याचे बिल केंद्राच्या औषधखर्चातून भागवले. हरकत घेणाऱ्यांना त्यांनी सांगितले, की कुपोषणावर औषध अन्नच! मग लोकांनी सहकारी शेती उभारली. मळेमजुरांच्या घरी जन्मलेल्या एल. सी. डॉर्सी या कृष्णवर्णीय स्त्रीने ती सांभाळली. पुढे याच केंद्राच्या त्या संचालिका झाल्या. आजाराचे मूळ शोधताना सूक्ष्मदर्शकाइतकीच घरातली चूलही पाहावी लागते, हे लक्षात ठेवा.