अक्का आत का होत्या?

संक्रांत ते रथसप्तमी आमच्या गल्लीत रोज कुणाकडे ना कुणाकडे हळदीकुंकू असतं. २०२०च्या जानेवारीतली गोष्ट. आमच्याकडे पंचवीस-तीस बायका जमल्या होत्या. तिळगुळाचं ताट, वाणाला आणलेले स्टीलचे डबे, सगळं कसं मांडून ठेवलेलं. मी करंडा घेऊन एकेकीला हळदीकुंकू लावत पुढे सरकत होते. माझ्या मोठ्या जाऊबाई, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, आत मसाला दूध ढवळत होत्या. मोठे दीर जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. अक्का बाहेर आल्या नाहीत. मीही हाक मारली नाही.

रात्री आवराआवर करताना लेक म्हणाली, "आई, मंडळात तू स्त्रीच्या सन्मानावर भाषणं करतेस ना? मग मोठ्या काकू आत का होत्या?"

मी पटकन म्हणाले, "अगं, माझ्या मनालाच ते पटत नाही. लहानपणापासून तसं पाहिलंय. मग दाखवण्यापुरतं खोटं कशाला वागू?"

उत्तर दिलं खरं, पण झोप लागेना. मी खोटं बोलले नव्हते. स्वतःशी अगदी प्रामाणिक होते. तरीही काहीतरी चुकत होतं.

मैत्रिणींनो, आजकाल आपण मुलांना सांगतो, 'मनाला पटेल तेच करा.' सल्ला चांगलाच आहे. पण मनाला पटलेलं चुकीचं असलं तर? आणि ते चुकीचं हे ठरवायचं कोणी? 'ज्याची त्याची रीत' म्हणून आपण मोकळ्या होतो. आमच्या भागात मामाच्या मुलीशी लग्न चालतं, उत्तरेकडच्या बायका ते ऐकून कानावर हात ठेवतात. मग सगळ्या माणसांना लागू पडेल अशी नीती असते तरी का?

हा वाद फार मोठमोठ्यांनीही घातलाय. दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रसंघात मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत होता, तेव्हा १९४७ साली अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेनेच शंका काढली होती, की प्रत्येक समाजाची मूल्यं वेगळी, मग सगळ्यांसाठी एकच जाहीरनामा कसा चालेल? (याच संघटनेने पुढे १९९९ मध्ये मानवी हक्कांच्या बाजूने भूमिका घेतली.) जाहीरनाम्याच्या मसुद्यात 'ऑल मेन' असे शब्द होते. आपल्या हंसाबेन मेहता त्या आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या. त्यांनी आग्रह धरला, की 'मेन' म्हटलं की काही देशांत बायका वगळल्या जातील. म्हणून तिथे 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' आलं. १० डिसेंबर १९४८ रोजी जाहीरनामा मंजूर झाला. विरोधात एकही मत पडलं नाही, आठ देश मात्र तटस्थ राहिले.

कुणी म्हणेल, हे सगळं परदेशातलं. तसं नाही हो! १८८१ मध्ये सुरतेत एका तरुण विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांनी समस्त बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतलं. तेव्हा आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून खडसावून विचारलं, की बाईला एक न्याय आणि पुरुषाला दुसरा, असं का? जाहीरनाम्याच्या सहासष्ट वर्षं आधी! आणि योगायोग बघा, पुढे हंसाबेन जन्मल्या त्याही सुरतेतच.

यावरून मला एक उमगलं. रीत बरोबर की चूक, हे करंडा हातात असलेल्या बाईला विचारायचंच नसतं. ज्या बाईच्या वाट्याला ती रीत येते, तिला विचारायचं. कपडे, जेवण, लग्नाच्या चालीरीती गावोगाव वेगळ्या असतात आणि असाव्यात. पण माणसांतून उठवलं जाण्याचं दुखणं? ते सगळीकडे सारखंच.

मध्ये करोनाची दोन वर्षं गेली. २०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवऱ्याच्या मृत्यूनंतर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र नि जोडवी काढायची नाहीत. इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा, असं परिपत्रक शासनाने त्याच महिन्यात काढलं. ती बातमी वाचून मला लेकीचा प्रश्न पुन्हा टोचला.

२०२३च्या संक्रांतीला मी अक्कांसमोर करंडा घेऊन उभी राहिले. खरं सांगते, हात थरथरत होता. अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कुंकू नको गं मला. ते गेल्यापासून लावावंसं वाटत नाही. पण मला आत नको बसवूस. तिळगूळ दे, वाण दे, सगळ्यांच्यात बसू दे."

मी गडबडले. मनात मी मोठी क्रांती करायला निघाले होते ना! पण अक्कांनी किती सरळ सांगितलं. बाहेर ओळीत बसण्याचा मान हा त्यांचा हक्क, तो माझ्या मनाला पटो न पटो. कपाळावर कुंकू लावायचं की नाही, हा मात्र त्यांच्या मनाचा कौल. तिथे मी जबरदस्ती केली असती, तर पूर्वी मान हिरावला तसंच आता मन हिरावलं असतं.

अक्का बाहेर बसल्या. दोघी शेजारणी दूध न पिताच उठल्या. पुढच्या वर्षी त्या आल्याही नाहीत. वाईट वाटलं, पण बोलवायचं मी सोडलेलं नाही. त्याही त्यांच्या मनाशी प्रामाणिकच आहेत, जशी मी २०२०मध्ये होते.

आणि माझं मन? पहिल्या वर्षी अक्कांच्या हातात वाण देताना मला अवघडल्यासारखं झालं होतं. पुढच्या वर्षी कमी झालं. आता काहीच वाटत नाही. आधी मन बदलू दे, मग वागेन, असं म्हणत बसले असते, तर अक्का अजून आत दूधच ढवळत बसल्या असत्या.

यंदा तुमच्या घरी हळदीकुंकू असेल, तेव्हा एकदा स्वयंपाकघरात डोकावून बघा. आत कोण आहे? तिला काय हवंय, ते तिलाच विचारा.