परळचे जुने ठाणे : वसई

नाताळच्या सुट्टीला शनिवार-रविवार जोडून कोठेतरी जाऊन यावे, ही इच्छा परळच्या माणसाला आता नवी राहिलेली नाही. ज्यांचे दिवस गिरणीच्या भोंग्यावर सुरू होत आणि भोंग्यावर संपत, त्यांची सुट्टी शिमग्याला नि गणपतीला कोकणातल्या घरी जाण्यात खर्ची पडे. त्यांची नातवंडे आज त्याच गिरण्यांच्या जागेवर उभ्या राहिलेल्या कचेऱ्यांत काम करतात आणि डिसेंबरअखेर दोन-तीन दिवस मोकळे मिळाले की माथेरान, महाबळेश्वर, गोवे अशी नावे घेऊ लागतात. या स्थळांविषयी माझ्या मनात यत्किंचितही किंतु नाही. परंतु लोकलच्या तिकिटावर जेथे पोहोचता येते, आणि परळच्या भूमीचा कारभार जेथून सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालला, ते वसईचे ठाणे या नामावळीतून गळावे, याची खंत मला पुष्कळ दिवस वाटत आली आहे. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा नाताळला थोडाच अवधी उरलेला असेल. तेवढ्यात वसईचा बेत ठरावा, असा या लेखाचा सरळ हेतू आहे.

नाताळच्या आठवड्याला वसईच्या इतिहासात एक विलक्षण स्थान आहे. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने, उत्तरेकडून हुमायूनचे दडपण वाढत असता, पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्या याच्याशी तह केला आणि वसई, तिच्या ताब्यातील मुलूख, बेटे व समुद्र यांसह पोर्तुगालच्या राजाच्या स्वाधीन केली. त्या बेटांत मुंबईची बेटे होती, आणि मुंबईच्या बेटांत परळ होते. शेती, ताडमाड आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या परळच्या रयतेला या व्यवहाराची वार्ता किती दिवसांनी लागली असेल हे सांगणे कठीण. पण त्या दिवसापासून तिचा सारा कोणाच्या खजिन्यात जाणार, हे वसईत ठरू लागले. परळ, वडाळा, शीव आणि वरळी ही गावे १५४५ ते १५४८ या काळात मानुएल सेराँव याच्याकडे सोपवली गेली. ज्याचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ पुढे १५६३ साली गोव्यात छापला गेला त्या गार्सिया द ओर्ता या वैद्याने मुंबईचे मुख्य बेट खंडाने घेतले. १६६१ च्या विवाहतहात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली आणि १६६५ साली तिचा प्रत्यक्ष ताबा इंग्रजांकडे गेला, तोवर परळचे दैव वसईच्या अंमलाशी बांधलेले होते.

या अंमलाची खूण परळमध्ये अद्यापि उभी आहे. हाफकिन संस्थेच्या आवारातील जुनी वास्तू ही मूळची जेझुइट पाद्र्यांच्या मठाची व प्रार्थनामंदिराची जागा. इंग्रजांनी अठराव्या शतकाच्या पहिल्या चरणात ती जप्त केली. १७७१ साली गव्हर्नर हॉर्नबी तेथे राहावयास आला आणि पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ मुंबईच्या गव्हर्नरांचा निवास परळला राहिला. जेथे एके काळी प्रार्थना होत तेथे मेजवान्या होऊ लागल्या. आणि गव्हर्नरांनी ती जागा सोडल्यानंतर, मुंबईत प्लेगने हाहाकार उडवला असता, १८९९ साली डॉक्टर वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा त्याच वास्तूत आली. मठ, राजगृह आणि लसीची प्रयोगशाळा अशी तीन आयुष्ये जगलेली ही इमारत ज्याने डोळसपणे पाहिली, त्याला वसईचा किल्ला परका वाटणार नाही.

प्रवास म्हणावा तर किरकोळच. प्रभादेवीहून वा दादरहून विरारची गाडी धरावी. भाईंदर मागे पडले की खाडी लागते, मधोमध पाणजू बेट दिसते, पलीकडे नायगावची मिठागरे उन्हात चमकतात, आणि तेथून वसई रोड हाकेच्या अंतरावर येते. स्थानकापासून पारनाक्यावरून किल्ल्याला जाण्यास बस अथवा रिक्षा मिळते. ज्या खाडीवरून आपली गाडी काही मिनिटांत पार होते, तिच्याच मुखावर हे ठाणे वसवले गेले, यात त्याच्या साऱ्या इतिहासाचे बीज आहे. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस खाडी, पूर्वेस दलदल. शत्रूने यावे तर उत्तरेच्या रेताड भूमीवरूनच. शंभर एकरांहून अधिक क्षेत्राला वेढणारा हा तट, त्याचे बुरूज, एक जमिनीकडचा व एक दर्याकडचा असे दोन दरवाजे, आणि आत १५३६ चा मूळ बालेकिल्ला, ही सगळी रचना या भूगोलातूनच निघाली.

किल्ल्यात शिरल्यावर घाई करू नये. बालेकिल्ल्याच्या दरवाजावर पोर्तुगालचे राजचिन्ह, क्रूस आणि खगोलाचा गोल कोरलेला आहे. या तीन चिन्हांत त्या सत्तेचे राज्य, धर्म आणि नौकानयन हे तिन्ही आधार एका शिळेवर आले आहेत. सेंट जोसेफच्या मुख्य देवळाचा मनोरा दुरूनही दिसतो. जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा प्रत्येक पंथाने येथे आपला मठ बांधला होता. त्यांपैकी फ्रान्सिस्कनांच्या सेंट अँथनीच्या देवळात मात्र थोडे थांबावे. छप्पर केव्हाच गेले आहे. जमिनीत थडग्यांच्या शिळा बसवलेल्या आहेत, आणि त्यांवर पोर्तुगीज भाषेत नावे, हुद्दे व साल कोरलेली आहेत. खाली वाकून एका शिळेवरून बोट फिरवले तर काही अक्षरे धारदार लागतात, काही पावसाने व पावलांनी गुळगुळीत झालेली आढळतात. मृताच्या हुद्द्याचा पुष्कळ भाग वाचता येतो आणि नावाशी येऊन शिळा तुटते. याच परिसरातला दगड जहाजांनी गोव्यास नेऊन तेथील देवळांच्या दर्शनी भागांत बसवला गेला, हे ध्यानी घेतले म्हणजे या पडक्या भिंतींची मूळची योग्यता कळते. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला तरी डॉक्टर जुझे गेर्सोन द कुन्या यांचा चौल आणि वसई यांवरील १८७६ चा ग्रंथ अभ्यासकाला अजून हाताशी ठेवावा लागतो. हे मूळ गोव्याचे विद्वान मुंबईत वैद्यकी करीत असता या दगडांचा अभ्यास करीत होते.

उत्तरेकडच्या तटावर आले की मराठी माणसाचे मन आपोआप १७३९ सालाकडे जाते. १७३७ मध्ये साष्टीपासून सुरू झालेली मोहीम चिमाजी आप्पांनी फेब्रुवारी १७३९ मध्ये वसईच्या वेढ्यापर्यंत आणली. पुढे मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे यांच्या फौजाही येऊन मिळाल्या. वर सांगितलेला भूगोल ध्यानात घेतला म्हणजे या वेढ्याचे मर्म उलगडते. तिन्ही बाजूंनी पाणी वा दलदल असल्यामुळे तटाला भगदाड पाडण्याचा एकच मार्ग होता: रेतीतून मोर्चे पुढे सरकवत नेणे, बुरुजांखाली सुरुंग भरणे, आणि ते उडाल्याबरोबर भगदाडात घुसणे. वरून तोफा, बंदुका आणि पेटते पदार्थ यांचा मारा होत असता हे काम आठवडेच्या आठवडे चालले. सेबॅस्टियन बुरुजाकडील सुरुंगांनी अखेर तट फोडला, आणि मे महिन्यात पोर्तुगीजांनी शरणागतीच्या कलमांवर सही केली. गड हाती येत नाही म्हणून आप्पांनी स्वतःचे शीर तोफेच्या तोंडी देऊन आत टाकण्यास सांगितल्याची आख्यायिका सर्वश्रुत आहे. मला तिच्याहून मोठे वाटते ते विजयानंतरचे वर्तन. पराभूत शिबंदीला मानाने बाहेर पडू दिले गेले, आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक दिली गेली. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली १७२१ ची घंटा आणि वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची १७०७ ची घंटा या मोहिमेत हाती आल्याचे परंपरा सांगते. किल्ल्यातले नागेश्वराचे आणि वज्रेश्वरीचे देऊळही त्याच पर्वाची आठवण देते.

तथापि वसईने मराठ्यांना केवळ विजय दिला नाही. पुण्याजवळ २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांकडून पराभूत झालेला दुसरा बाजीराव कोकणमार्गे वसईला आला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने इंग्रजांशी तह केला. इंग्रजांची तैनाती फौज पदरी बाळगायची, तिच्या खर्चासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा, आणि परराष्ट्रव्यवहार त्यांच्या संमतीने करायचा, अशी ती कलमे होती. म्हणजे ज्या ठाण्यासाठी हजारो माणसे रेतीत पडली, त्याच ठाण्यात अवघ्या त्रेसष्ट वर्षांनी स्वराज्याचे स्वातंत्र्य कागदावर संपले. नाताळच्या एका आठवड्यात सुलतानाने वसई गमावली आणि दुसऱ्या एका नाताळच्या आठवड्यात पेशव्याने वसईत राज्य गमावले. घरच्या भांडणापायी परक्याचा आश्रय घेतला की काय होते, हे शिकण्यास याहून योग्य जागा नाही आणि याहून योग्य आठवडा नाही.

रविवार गावांसाठी राखावा. चिमाजी आप्पांच्या वेळी मागे राहिलेल्या त्या रयतेचे वंशज, सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्ती, आपली बोली, वाड्या आणि श्रद्धा सांभाळून येथे नांदत आहेत. नाताळात दारोदार कागदी तारे लागतात, अंगणात येशूजन्माचा गोठा मांडला जातो आणि मराठीत मिस्सा होते. लाल लुगडे नेसलेल्या वृद्ध सामवेदी बाया देवळाच्या वाटेवर अजून भेटतात. याच वसईचे पुत्र गोन्सालो गार्सिया यांनी १५९७ साली नागासाकी येथे क्रूसावर देह ठेवला आणि १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि वसईची हिरवाई वाचावी म्हणून त्यांनी लोकलढा उभारला. या हिरवाईचे फळ म्हणून परतताना सुकेळी घ्यावी. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात. ती आकसून तपकिरी आणि किंचित चिकट होतात, मग केळीच्याच वाळलेल्या पानात गुंडाळून बांधतात. त्या पुडक्यात मध, ऊन आणि पाल्याचा वास एकत्र येतो. वेळ उरल्यास नालासोपाऱ्याचा स्तूप पाहावा: पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली तो उकरला, त्यात सापडलेला ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे, आणि अशोकाच्या लेखाचा अंशही याच सोपाऱ्यात मिळाला.

सुट्टीच्या दिवशी किल्ल्यात सहलींची दाटी असते. भिंतींवर खिळ्याने नावे कोरली जातात, थडग्यांच्या शिळांवर डबे उघडले जातात. लोक हे द्वेषाने करीत नाहीत. ही जागा आपली आहे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. पुरातत्त्व खात्याचा फलक कायद्याची भीती घालू शकतो, आपलेपणा देऊ शकत नाही. तो देण्याचे काम आपले आहे. परळच्या शाळांनी आणि मंडळांनी मुलांना आधी बारादेवीच्या देवळातले १९३१ साली रस्त्याच्या कामात सापडलेले शिवशिल्प दाखवावे, मग हाफकिनची वास्तू बाहेरून का होईना दाखवावी, आणि त्यानंतर त्याच मुलांना नाताळच्या सुट्टीत वसईला न्यावे. आपल्या चाळीखालची जमीन कोणाकोणाच्या हातून गेली, हे ज्या मुलाला बाराव्या वर्षी कळेल, ते मोठेपणी परळमधली एखादी जुनी वास्तू पाडण्याचा ठराव समोर आला असता गप्प बसणार नाही. वसईच्या यात्रेचे याहून अधिक फळ मी मागत नाही.